नाल्याचा निरोप

आमची शाळा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. शाळेतली तेवीस मुलं नाल्यापलीकडच्या वस्तीतून येतात. नाल्यावर पूल नाही, रपटा आहे. उन्हाळ्यात नाला इतका कोरडा असतो की मुलं पात्रातच गोट्या खेळतात. पावसाळ्यात मात्र एक विचित्र गोष्ट घडते. गावात ऊन पडलेलं असतं, आभाळ निवळलेलं असतं, आणि नाल्याला अचानक गढूळ पाणी येतं. पाऊस पडलेला असतो वर, डोंगरात.

वरच्या गावातले एक पालक पाणी चढताना दिसलं की आम्हाला फोन करत. ते शेतात असले, झोपलेले असले किंवा बाजाराला गेले असले की फोन नाही. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "गुरुजी, नाल्यालाच फोन करता आला तर?" हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल आहे. निरोप पाठवण्याची सोय एका दुपारी झाली. निरोप केव्हा पाठवायचा, आणि तो आला नाही तर काय समजायचं, हे कळायला दोन पावसाळे लागले.

आधी निरोप कसे पोचतात ते पाहू. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रातले लाखो मोबाईल एकाच वेळी मोठ्याने वाजले होते, आठवतं? तो आणीबाणीच्या सूचनेचा सराव होता. गंमत म्हणजे पाठवणाऱ्याकडे आपला नंबर नव्हता, आणि त्याला तो लागतही नाही. या पद्धतीला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना उद्देशून एकदाच दवंडी देतो. जो फोन त्या टापूत आहे तो ती ऐकतो. दहा फोन असोत की दहा हजार, दवंडी एकच. त्यामुळे फोनची गर्दी झाली तरी ती अडकत नाही. पण ही दवंडी द्यायचा अधिकार सरकारी यंत्रणेचा. आमच्या नाल्याला ती कोण देणार?

दुसरा मार्ग एसएमएसचा. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने पाठवला. मजकूर होता नाताळच्या शुभेच्छांचा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून बसतात फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हं. "रपट्यावर पाणी आहे" हे डोळ्यांना नऊ अक्षरांचं वाक्य. फोनच्या हिशेबी, दोन मोकळ्या जागा धरून, ते सतरा चिन्हांचं आहे. हा हिशेब फळ्यावर मुलांकडून जरूर करून घ्या. व्याकरणाच्या तासाला कधी दिसला नाही इतका उत्साह मला जोडाक्षरं फोडताना दिसला. मात्र आपल्याकडे यंत्राकडून घाऊक एसएमएस पाठवायचे तर २०१८ च्या नियमांनुसार नोंदणी करून मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. एका शाळेसाठी हा खटाटोप फार.

उरला इंटरनेटवरच्या निरोप-ॲपचा मार्ग. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, पण तिथेही यंत्राने आपणहून निरोप पाठवायचा तर व्यवसायाचं खातं, मंजूर साचे आणि पैसे हे सगळं आलं. आडवाटेने यंत्र जोडणारे असतात. त्यांचे नंबर बंद होतात. टेलिग्राम या ॲपने मात्र जून २०१५ पासून कुणालाही ‘बॉट’ बनवण्याची मोफत सोय दिली आहे. म्हणून आम्ही ते निवडलं आणि पालकांच्या फोनमध्ये एकेक करून टाकलं. कार्यक्रम-लेखनापेक्षा याच कामात जास्त घरं फिरावी लागली.

बॉट म्हणजे माणसाशिवाय चालणारं खातं. ते बनवायला टेलिग्राममध्ये ‘बॉटफादर’ नावाचं खातं शोधायचं आणि त्याला ‘न्यूबॉट’ ही आज्ञा लिहायची. तो नाव विचारतो. आम्ही ‘नाला’ ठेवलं. मग तो आकडे आणि अक्षरांची एक लांब माळ देतो. तिला टोकन म्हणतात. त्यानंतर बॉटला पालकांच्या गटात सामील करायचं आणि त्या गटाचा क्रमांक मिळवायचा. गटाचा क्रमांक उणे चिन्हाने सुरू होतो. ते चिन्ह विसरलात तर निरोप जात नाही; आमचा एक तास त्यात गेला. आता टेलिग्रामच्या संगणकाचा पत्ता, त्यापुढे टोकन, ‘सेंडमेसेज’ हा शब्द, गटाचा क्रमांक आणि मजकूर अशी एक ओळ तयार होते. ही ओळ ब्राउझरमध्ये टाकून एंटर दाबलं की गटावर निरोप उमटतो. ब्राउझरऐवजी हीच ओळ एखाद्या छोट्या यंत्राने मागवली की झाली स्वयंचलित सूचना. बॉटची एक मर्यादा चांगली आहे. तो कुणा अनोळखी माणसाशी आपणहून बोलणं सुरू करू शकत नाही. त्या माणसाने आधी ‘स्टार्ट’ दाबावं लागतं.

टोकन ही किल्ली आहे. हे मला माहीत होतं, तरी समजावून सांगण्याच्या भरात मी ते फळ्यावर लिहिलं. रात्री नऊ वाजता पालकांच्या गटावर नाल्याचा निरोप आला, "उद्या शाळेला सुट्टी." दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा रिकामी. वहीत टोकन उतरवून घेणाऱ्या मुलाला मी रागावलो नाही, कारण त्याने धडा माझ्यापेक्षा नीट समजून घेतला होता. बॉटफादरकडून जुनं टोकन रद्द करून नवं घेतलं, आणि ते आता फक्त यंत्रात आहे.

यंत्र म्हणजे काय? ईएसपी-३२ नावाची बोटभर लांबीची पट्टी, जी वायफायला जोडता येते. पाणी न शिरणारा ध्वनी-संवेदक. एक जुना स्मार्टफोन हॉटस्पॉट म्हणून. आणि हे सगळं चालवायला छोटी सौरपट्टी व बॅटरी. जुन्या फोनमध्ये ‘कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट बंद करा’ अशी सेटिंग असते, ती आधी काढून टाका. वरच्या गावाजवळ, रपट्यापासून तीन किलोमीटरवर, नाल्याला एक लहान पूल आहे. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन त्याच्या कठड्याला आम्ही हे खोकं टांगलं. संवेदक तळापासून बरोबर तीन मीटरवर.

संवेदक आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजतो. वटवाघूळ हेच करतं. वेळेला आवाजाच्या वेगाने गुणून निम्मं केलं की अंतर. आम्ही पुस्तकातला वेग घेतला, सेकंदाला ३४३ मीटर. मे महिन्यात यंत्र लावलं आणि भर दुपारी, नाला ठणठणीत कोरडा असताना, यंत्राने सांगितलं की नाल्यात १० सेंटीमीटर पाणी आहे. संध्याकाळी हे पाणी थोडं कमी झालं, पहाटे आणखी कमी झालं. मुलांनी खाली उतरून पाहिलं. पाणी नव्हतं.

चूक यंत्राची नव्हती. ३४३ हा वेग २० अंश तापमानाचा. हवा तापली की आवाज वेगाने जातो. दर अंशाला सुमारे ०.६ मीटर प्रति सेकंद. ४० अंशाला वेग होतो सुमारे ३५५. तीन मीटर जाऊन परत यायला आवाजाला ६ ÷ ३५५, म्हणजे ०.०१६९ सेकंद लागतात. यंत्र त्याला ३४३ ने गुणून निम्मं करतं आणि म्हणतं, अंतर २.९० मीटर. तळ दहा सेंटीमीटर वर आला, म्हणजे तेवढं पाणी! तापमापक जोडून वेग दर वेळी नव्याने काढला, तेव्हा ते पाणी आटलं. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो हे वाक्य मी अनेक वर्षं परीक्षेला विचारत आलो होतो. ते खरं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचा घोटाळा जूनमधला. आम्ही नियम ठेवला होता: पाणी एक मीटर झालं की ‘धोका’, त्याखाली गेलं की ‘धोका टळला’. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री पाणी एक मीटरच्या रेघेजवळच घुटमळत राहिलं. लाट आली की ९९ चं १०१, ओसरली की पुन्हा ९८. सकाळी पालकांच्या गटावर ऐंशीपेक्षा जास्त निरोप होते. एक पालक भेटले ते म्हणाले, "गुरुजी, रातभर टुंगटुंग चालू व्हतं, मी आवाजच बंद करून टाकला." यंत्राने एकही खोटा निरोप पाठवला नव्हता. तरी एका रात्रीत त्याची किंमत शून्य झाली.

यावरचा उपाय घरातल्या इस्त्रीत आहे. इस्त्री एका तापमानाला बंद होते, पण त्याच तापमानाला पुन्हा चालू होत नाही. बरीच निवल्यावर होते. दोन रेघांमधली ही फट नसती तर ती सतत टकटकत राहिली असती. अमेरिकेतल्या ऑटो श्मिट यांनी १९३४ मध्ये विद्यार्थी असताना असं विद्युतमंडल बनवलं. त्या वेळी ते माखलीच्या जातीच्या एका समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करत होते. आज जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणात ‘श्मिट ट्रिगर’ असतो. आम्ही ‘धोका’ एक मीटरला ठेवला आणि ‘धोका टळला’ सत्तर सेंटीमीटरला. ऐंशी निरोपांचे दोन झाले.

लाटांखेरीज फांद्या आणि पक्षीही होते. संवेदकाखालून एखादा पक्षी गेला की पाणी एकदम पुलाला टेकल्यासारखं वाटे. म्हणून यंत्र आता लागोपाठ पाच मोजमापं घेतं. समजा, सेंटीमीटरमध्ये अंतरं आली ११८, १२०, ११९, ३१, १२१. सरासरी १०१.८ येते, म्हणजे एका पक्ष्याने पाणी सतरा-अठरा सेंटीमीटर चढवलं. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर तो ११९. पक्षी हिशेबातून आपोआप उडाला. मध्यक कशासाठी शिकायचा असं विचारणाऱ्या नववीच्या मुलांना देण्यासाठी हे उत्तर ठेवून घ्या.

आमच्याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, आणि दुसऱ्या पहाटे त्याभोवतीच्या धान्यांवरून वर्षभराच्या पावसापाण्याचं भाकीत सांगतात. मुलांनी साहजिकच विचारलं की आपला नाला आणि ती मांडणी यात काय फरक? मी म्हटलं, आपला निरोप चुकला तर त्याच दिवशी, आकड्यासकट कळतो, आणि का चुकला ते शोधता येतं. मे महिन्यातलं दहा सेंटीमीटर पाणी त्यांच्या लक्षात होतंच. मग ती म्हणाली, विजेचंही यंत्र बनवू. ते आपल्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आहे. देशभर पसरलेल्या संवेदकांच्या जाळ्यावरून वीज कुठे पडते आहे ते ठरवून ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात इशारा देतं. ते शिक्षकांच्या फोनमध्ये असावंच. आणि फोन नसेल तेव्हा वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागावेत, किलोमीटर मिळतात. दहा सेकंदांत आवाज आला तर वीज साडेतीन किलोमीटरच्या आत आहे. पण खरं तर गडगडाट ऐकू आला की मोजत उभं न राहता मुलांना वर्गात घ्यावं.

नाल्याकडे परत येऊ. निरोप पाठवला म्हणजे पोचला असं नाही. नाल्यापासून टॉवर, तिथून टेलिग्रामचे दूरदेशचे संगणक, मग बहुतेक अँड्रॉइड फोनांसाठी गूगलची निरोप-वाहिनी आणि शेवटी पालकांचा खिसा, असा हा प्रवास आहे. प्रत्येक ॲपने दर मिनिटाला ‘काही आलंय का?’ असं विचारलं तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. म्हणून सगळ्या ॲपसाठी फोन एकच वाहिनी उघडी ठेवतो आणि निरोप आला की त्या त्या ॲपला उठवतो. पोस्टमनच्या वाटेकडे दहा जणांनी डोळे लावण्याऐवजी वाड्याच्या दाराशी एकच भय्या बसवावा तसं. पण २०१५ च्या सहाव्या अँड्रॉइडपासून, वापरात नसलेला फोन डुलकी घेतो आणि कमी निकडीचे निरोप साठवून ठेवतो. काही फोनांची बॅटरी-बचत तर ॲपचा गळाच दाबते. आम्ही दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वीस निरोप पाठवले आणि कुणाच्या फोनवर केव्हा वाजले ते मुलांनी घरी टिपून आणलं. बहुतेक ठिकाणी दोन-चार सेकंद. तीन फोनांवर मात्र फोन हातात घेईपर्यंत काहीच नाही. त्या तीन फोनांच्या बॅटरी-सेटिंगमध्ये टेलिग्रामला सूट दिली. तुम्ही काहीही उभारलंत तरी ही चाचणी टाळू नका.

आणि तरीही दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये ती दुपार आलीच. निरोप नव्हता, म्हणून आम्ही मुलांना नेहमीच्या वेळी सोडलं. पाच मिनिटांत मोठी मुलं पळत परत आली. वाटेत भेटलेल्या गुराख्याने त्यांना माघारी पाठवलं होतं. रपट्यावरून गुडघाभर पाणी वाहत होतं. कुणाला काही झालं नाही. यंत्र उघडून पाहिलं. संवेदक ठीक, बॅटरी भरलेली, आणि पाण्याची मापंही बरोबर घेतलेली. हॉटस्पॉटच्या सिमची मुदत आदल्या रात्री संपली होती. रिचार्ज करायचं काम माझं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. विसरण्याबद्दल वाईट वाटत होतंच, पण एक गोष्ट त्याहून जास्त टोचत होती. आम्ही शांततेचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा लावला होता. शांततेची कारणं मात्र अनेक होती: पाणी नाही, रिचार्ज नाही, टॉवरची वीज गेली, खोकं वाहून गेलं. आणि यातली बरीच कारणं नेमकी मोठ्या पावसातच एकत्र येतात. मलकापूर, नांदुरा, शेगावच्या रेल्वेमार्गावर जुने हात-सिग्नल असत, ते आठवले. त्यांची रचना अशी की तार तुटली तर हात आपल्या भाराने ‘थांबा’ या स्थितीत जाई. बिघाडाचा अर्थ आपोआप ‘पुढे जाऊ नका’ असा व्हायचा. आम्ही उलटं केलं होतं. आमची तार तुटली की सिग्नल ‘जा’ म्हणत होता.

मग नियम फिरवला. शाळा सुटताना ‘पाणी खाली आहे’ असा ताजा निरोप हातात असेल तरच मुलांना सोडायचं. निरोप नाही, तर मुलं शाळेत. हे नेमाने येणारे निरोप फक्त शिक्षकांच्या वेगळ्या गटावर येतात. पालकांच्या गटावर धोक्याचेच. नाहीतर पुन्हा टुंगटुंग.

ताजा म्हणजे किती ताजा? इथे गणित कामाला आलं. मुलांनी नाल्यात काडी सोडून वेग मोजला होता, सेकंदाला दोन मीटर. तीन किलोमीटरला १५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटं. निरोप दर १५ मिनिटांनी येत होता. म्हणजे तो पंधरा मिनिटं शिळा असू शकतो, आणि हातात उरतात दहा. शाळेपासून रपटा बारा मिनिटांवर. म्हणून शाळा सुटायच्या तासाला निरोप दर पाच मिनिटांनी केला. उरली वीस मिनिटं, आणि आम्ही निश्चिंत झालो. हे सगळं ओळखीच्या एका निवृत्त पाटबंधारे अभियंत्यांना कौतुकाने सांगितलं तर ते म्हणाले, काडीचा वेग आणि पुराच्या लाटेचा वेग एक नसतो. पाणी चढलं की ही चढ पाण्यापेक्षा वेगाने खाली सरकते. उथळ, रुंद पात्रात सुमारे पाच-तृतीयांश पट. म्हणजे २५ ची झाली १५ मिनिटं. त्यातून निरोपाची पाच वजा केली की दहा. पुन्हा कमीच. त्यात आम्ही बारा मिनिटं मोजली होती ती आमच्या पावलांनी. पहिलीतल्या मुलाबरोबर चालून पाहिलं, एकोणीस लागली. त्याला वाटेत दोनदा दप्तर सावरायचं असतं आणि एकदा बकरीचं पिल्लू पाहायचं असतं.

यंत्र आणखी वर न्यावं तर तिथे मोबाईलला रेंज नाही. दोन-तीन दिवस हा तिढा सुटेना. तो सोडवला ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता तिनेच. ती म्हणाली, "निरोप शाळेत कशाला बघायचा? रपट्यावर जाऊन बघू." रपटा ओलांडायला एक मिनिट लागतं. काठावर उभं राहून निरोप पाहिला तर दहा मिनिटांपैकी एकच वापरायचं आहे, आणि नाला डोळ्यांसमोर असतो तो वेगळाच. आता एक शिक्षक मुलांबरोबर फोन घेऊन रपट्यापर्यंत जातो, शेवटच्या पाच मिनिटांतला निरोप मुलांना मोठ्याने वाचून दाखवतो, आणि मगच पहिलं मूल पाऊल टाकतं. त्या काठावर रेंज फक्त एका खडकावर चढलं की येते. मुलं त्या खडकाला ‘ऑफिस’ म्हणतात.